जाडे बाप्ये आणि बॉडी पॉझिटिव्हिटी: कोकणातले अनुभव लिहा

बॉडी पॉझिटिव्हिटी, म्हणजे आपलं शरीर जसं आहे तसं न लाजता स्वीकारणं, म्हटलं की सगळीकडे बायकाच दिसतात, ठीकच आहे, त्यांना जास्त सोसावं लागतं. पण गंमत बघा, या चळवळीचं मूळ अमेरिकेतल्या ज्या 'नाफा' या जाड्या लोकांच्या हक्कांसाठीच्या संघटनेत सांगतात ती १९६९ साली काढली एका बाप्यानेच, बिल फॅब्रीने, आपल्या जाड्या बायकोला लोक कसं वागवतात ते बघून. मग आपले जाडे कुठे गायब झाले? लिहा. डाएटचे सल्ले नकोत.

खाडीकाठचा, रत्नागिरी
जाड्याला चेष्टा चालते असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. गणपतीत आरतीला उभा राहिलो की कोणीतरी बोलणारच, "मखरात ह्यालाच बसवा रे!" नाही हसलो तर "एवढा काय राग?" बहिणीला कोणी असं बोललं असतं तर आई त्याच्या अंगावर गेली असती, मला मात्र तीच आग्रहाने मोदक वाढते आणि मामा आला की "जरा सांग रे ह्याला".

मालवणी माणूस
तारकर्लीक स्कुबाला गेलेलो. वेटसूट मांडीपर्यंत चढला नि तिथेच अडकला, दोघे जण ओढतायत, अख्खी बोट बघतेय, एकाने तर मोबाइलपण काढला. बोटीवरचा पोरगा शांतपणे बोलला, "दादा, ऱ्हवांदे तो, टीशर्टावरच चला." पट्ट्याला शिशाचं वजन तेवढं जास्त लावलं, चरबी तरंगते ना. माशे दिसले, मस्त!

चिपळूणकर
कान दुखतो म्हणून गेलो तर डॉक्टर म्हणे वजन कमी करा. आधी कान तरी बघा! कंबर ९० सेंमीच्या वर गेली की आपल्याकडच्या पुरुषांना डायबेटिसचा धोका वाढतो हे मला पाठ आहे हो, नाकारत नाहीये.

दापोलीची सून
बाप्या नाही पण लिहिते. आमचे आजेसासरे पंचा नेसून पडवीत पोट सोडून सुपारी कातरत बसायचे, कोणाची टाप होती बोलायची! आणि नवरा मुरुडला समुद्रात उतरतो तो शर्ट घालून, वर मलाच सांगतो ऊन लागतं. जिमवाल्यांचे रील्स बघून बघून हे झालंय असं माझं स्पष्ट मत. त्याला धागा दाखवला, म्हणतो लिहीन, पण दुसऱ्या नावाने.