खाज एकट्या आईला नसेल

आईला रात्री खाज सुटते आणि वृद्धाश्रम ‘कोरडी त्वचा’ म्हणत नुसतं तेल लावतो, असं तुम्ही लिहिलंय. खोलीत आणखी कुणी खाजवत असेल तर डॉक्टरांकडून खरूज तपासून घ्या. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर बघायला सांगा. पहिल्यांदा लागण झाल्यावर लक्षणं दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर ती शेजारच्या आजींना आणि आयाबाईंनाही लागलेली असू शकते. म्हणून एकट्या आईला मलम लावणं फुकट जातं. ५ टक्के परमेथ्रिनचं मलम (खरजेवरचं औषध) सगळ्यांना एकाच रात्री हवं, नखांखालीसुद्धा. ८ ते १४ तासांनी आंघोळ, आठवड्याने मलम पुन्हा. चादरी, कपडे त्याच सकाळी गरम पाण्यात.

तक्रार लेखीच द्या: तारीख, खोली, किती जणांना खाज. पोच घ्या. ‘स्वच्छता नाही’ एवढंच लिहिलंत तर फरशी पुसून विषय मिटवतील. दाद लागली नाही तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.