मदत हवी आहे: क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलंय, आता काय?

गोदाकाठ
काल रिपोर्ट हातात आला. किडनी ट्रान्सप्लांटसाठी दीड महिना नाशिक-मुंबई फेऱ्या मारल्या, सगळ्या तपासण्या झाल्या, रजा संपत आली आणि आता म्हणतात क्रॉसमॅच पॉझिटिव्ह, हा डोनर चालणार नाही. अहो, रक्तगट एकच आहे, दोघांचाही ओ पॉझिटिव्ह! मग अडलं कुठे? कोऑर्डिनेटर मॅडम 'डॉक्टरांशी बोला' म्हणतात, डॉक्टर सोमवारपर्यंत परगावी. मेव्हणीला 'पॉझिटिव्ह' एवढंच कळवलं तर तिने पेढ्यांचा फोटो पाठवला. दुसऱ्या लॅबमध्ये परत करून घेऊ का? अनुभव असेल त्यांनीच लिहा, लवकर.

सह्यकडा
पेशंट कोण, डोनर कोण, वयं काय, डायलिसिस चालू आहे का? काहीच लिहिलं नाहीत. ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ लागते.

निम्माशिम्मा
स्वॅप करा, म्हणजे दोन जोडप्यांनी डोनर अदलाबदल करायचे. बाबांचा बी, आईचा ए. सोलापूरच्या एका जोडप्याचं बरोब्बर उलटं. एकाच दिवशी चार ऑपरेशनं झाली, आज पाच वर्षं बाबा रोज फिरायला जातात. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यात बसतं. वेळ घालवू नका.

लॅबवाली_ताई
निम्माशिम्मा, त्यांचा रक्तगट जुळतोय. प्रश्न तरी वाचा.

गोदाकाठ, क्रॉसमॅचमध्ये पेशंटचा सीरम, म्हणजे रक्तातलं पातळ पाणी, डोनरच्या पांढऱ्या पेशींवर घालून बघतात. पेशी मेल्या की पॉझिटिव्ह. म्हणजे डोनरच्या विरुद्धच्या अँटिबॉडी पेशंटच्या रक्तात आधीच दबा धरून बसल्यात. रक्तगटाचा इथे संबंध नाही, हे एचएलएचं, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचं, भांडण आहे. आता सांगा: सीडीसी (पेशी मरतात का ते बघणारं) होतं की फ्लो (अँटिबॉडी चिकटल्यात का ते मशीनवर बघणारं)? डीटीटी, म्हणजे आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडी मोडणारं रसायन, घालून केलं होतं का? ऑटो-क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटचा सीरम पेशंटच्याच पेशींवर, केलं का? पेशंटला आजवर रक्त किती वेळा चढवलंय? बाई असतील तर बाळंतपणं किती?

निम्माशिम्मा
ताई, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असलं तरी स्वॅप होतो. आमच्याच वॉर्डात एक केस होती.

लॅबवाली_ताई
होतो, मान्य. पण आधी रिपोर्ट खरा आहे का ते बघू द्या.

रानमेवा
ऑपरेशनच्या फंदात का पडता? पुनर्नवा आणि गोखरूचा काढा, सोबत रोज एक शहाळं. माझ्या चुलत्यांचं क्रिएटिनिन २.१ वरून १.६ झालं.

सह्यकडा
चुलते डायलिसिसवर होते का? नव्हते. डायलिसिसच्या पेशंटला रोज शहाळं म्हणजे पोटॅशियम वाढून हृदय थांबायची सोय. अर्धवट माहितीवर लोकांच्या जिवाशी खेळू नका.

रानमेवा
ॲलोपॅथीवाल्यांना झोंबलं.

चष्मिष
अवांतर: मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला जिवंत माणसाला डुकराची किडनी बसवली, तिच्यात ६९ जनुकीय बदल केले होते. पेशंट साधारण दोन महिन्यांनी गेला. दहा वर्षांत डोनर शोधायची वेळच येणार नाही.

सह्यकडा
त्यांना सोमवारी डॉक्टरांना काय विचारायचं ते हवंय.

गोदाकाठ
बाळंतपणाचा काय संबंध? किडनी मी देतोय! पेशंट माझी बायको, वय ३८. गेल्या दिवाळीपासून डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. दोन मुलं आहेत. धाकट्याच्या वेळी सीझर झालं तेव्हा रक्त चढवलं होतं, बाटल्या किती ते आठवत नाही. यंदा पावसाळ्यातही दोन चढवल्या, हिमोग्लोबिन ६ वर आलं होतं. हे सगळं फाइलमध्ये आहे, इथे लागेल असं वाटलं नाही.

लॅबवाली_ताई
हेच तर लागतं! पोटातल्या बाळाचा निम्मा एचएलए बापाचा असतो. आईचं शरीर त्याला परका समजून अँटिबॉडी करून ठेवतं. पंधरा वर्षांनी त्याच बापाची किडनी आली की ते ओळखतं. नवरा बायकोला देतो तेव्हा हे बऱ्याचदा निघतं. रक्त चढवल्याने त्यात भर पडते.

आणि 'रिपोर्टकडे दुर्लक्ष करून बसवू' असा विचारही करू नका. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी जुन्या केसेस तपासल्या होत्या. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच बंद पडल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. तेव्हापासून ही तपासणी कुणी चुकवत नाही.

तरी डीटीटीचं विचाराच. काही वेळा पॉझिटिव्ह आयजीएममुळे येतं, ते डीटीटीने निघून जातं आणि सहसा घातक नसतं. ऑटो-क्रॉसमॅचही पॉझिटिव्ह असेल तर दोष तुमच्या पेशींचा नाही, तिच्याच रक्तातल्या गोंधळाचा. ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार, आहे का त्यांना?

गोदाकाठ
ल्युपस नाही. बीपीने किडन्या गेल्या असं म्हणतात. पण किडनी माझीच चालायला हवी हो, दुसरं कोण देणार?

निम्माशिम्मा
वहिनींची भावंडं?

गोदाकाठ
एक भाऊ आहे, त्याचाही ओ. विचारलं नाही. त्याच्या घरी कसं विचारायचं?

कावेरी_मावशी
नवरा द्यायला पुढे आला म्हणून कौतुक वाटलं. मी भावाला दिली तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आपल्याकडे देणाऱ्या बायका आणि घेणारे पुरुष. तुमच्या मेव्हण्याला विचारायला लाज कसली? त्याची बहीण आहे.

चष्मिष
मावशी, धागा भरकटतोय.

कावेरी_मावशी
डुकराची किडनी तू आणलीस, बाळा.

लॅबवाली_ताई
सख्ख्या भावंडाचा एचएलए पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. पूर्ण जुळला नाही तरी त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी नसतील तर तो चालू शकतो, म्हणून क्रॉसमॅच करून बघायला हरकत नाही.

चष्मिष
अँटिबॉडी कापणारं औषध आहे, इम्लिफिडेस. स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या एन्झाइमवरून केलंय, युरोपात २०२० मध्ये सशर्त मंजुरी मिळाली.

लॅबवाली_ताई
खरं आहे, पण ते नंतरचं. इथे नेहमीचा रस्ता म्हणजे ल्युमिनेक्स मशीनवर डीएसए, म्हणजे डोनरविरुद्धच्या अँटिबॉडी किती ते, बघायचं, आकडा कमी असेल तर त्या कमी करणारे उपचार: प्लाझ्माफेरेसिस, आयव्हीआयजी, रिटुक्सिमॅब. खर्च वाढतो, रिजेक्शनचा धोकाही. आकडा जास्त असेल तर भाऊ किंवा स्वॅप. आणि झेडटीसीसीत, म्हणजे मृत दात्यांच्या अवयवांच्या प्रतीक्षायादीत, नाव घातलंय का? ते हॉस्पिटलमार्फतच जातं. तोवर कुणी रक्त चढवायचं म्हटलं तर आधी नेफ्रोला (किडनीच्या डॉक्टरांना) फोन करा. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू आहे ना?

गोदाकाठ
ते डायलिसिसनंतर देतात. झेडटीसीसीचं कुणी बोललंच नाही. रिपोर्टवर सीडीसी लिहिलंय, खाली बारीक अक्षरांत 'टी' आणि 'बी' असंही काहीतरी आहे. फोटो टाकतो.

लॅबवाली_ताई
फोटो आडवा आलाय, डावीकडचा आकडा कापला गेलाय. परत टाका. आणि वहिनींचं नाव झाका.