मदत हवी आहे: प्रीॲम्पचा इनपुट व आउटपुट इम्पिडन्स कसा मोजावा?

सप्रेम नमस्कार. मी नाशिकला सातपूर येथे असतो. तंबोऱ्यावरील पिझो पिकअपसाठी (कंपनांचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारा सेन्सर) मी टीएल072 ही ऑप-ॲम्प चिप वापरून प्रीॲम्प (क्षीण सिग्नल वाढवणारे सर्किट) तयार केला आहे. इनपुट इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा एकूण विरोध) मोजण्यासाठी सिग्नल जनरेटर आणि इनपुट यांच्यामध्ये 1 मेगाओहमचा रेझिस्टर जोडला, तेव्हा 1 किलोहर्ट्झला आउटपुट जवळजवळ निम्मे झाले. सर्किटच्या इनपुटवरील बायस रेझिस्टरही 1 मेगाओहमचाच असल्यामुळे हे पटते. परंतु 10 किलोहर्ट्झला तेच आउटपुट आणखी बरेच खाली येते. ऑसिलोस्कोपचा (स्कोपचा) प्रोब आउटपुटवर असल्याने त्याचा भार इनपुटवर पडत नाही, त्यामुळे माझा संशय शिल्डेड केबलच्या कपॅसिटन्सवर आहे. केबलचा आणि सर्किटचा वाटा वेगवेगळा कसा काढावा?

दुसरी अडचण आउटपुटची आहे. भाराविना आणि भारासह व्होल्टेज मोजून, त्यांच्या गुणोत्तरातून एक वजा करून भाराच्या रोधाने गुणायचे, हे सूत्र मला माहीत आहे. मात्र फीडबॅकमुळे आउटपुट इम्पिडन्स इतका कमी आहे की 600 ओहमचा भार जोडूनही स्कोपवर फरक दिसत नाही, आणि 47 ओहम जोडल्यास तरंगाची टोके कापली जातात. अशा वेळी सिग्नल किती लहान ठेवावा, की आउटपुटमध्ये बाहेरून प्रवाह सोडून मोजणे अधिक विश्वासार्ह ठरेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.