रेल्वेच्या फर्स्ट क्लासचा पास परवडतो का? अनुभव सांगा

खिडकीवाली
लेकीला नोकरी लागली. ऑफिस भायखळ्याला, आम्ही डोंबिवलीकर. पहिला पगार हातात यायच्या आधीच बाईसाहेबांचा प्रश्न, "आई, फर्स्टचा पास काढू ना गं?" मी "बघू" म्हटलं आणि पोळ्या लाटता लाटता माझाच जुना पास डोळ्यांपुढे आला.

मी कायमची सेकंडवाली. धाकटीच्या वेळी सातवा लागला तेव्हा सासऱ्यांनी पैसे पुढ्यात ठेवले. "तीन महिन्यांचा काढ. फर्स्टचा." आमच्या घरात फर्स्टचा पास म्हणजे चैन, ती त्यांनी स्वतः कधी केली नव्हती. गादीची सीट, कोणाची पर्स नाकावर आपटत नाही, सगळं मान्य. पण मला करमेना. सेकंडात माझं पोट बघून कोपऱ्यातल्या मावशी आधीच सरकून घ्यायच्या. ठाणं गेलं की कोणाचा तरी डबा उघडायचा, तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड हातावर यायची. फर्स्टात ज्या त्या आपापल्या पुस्तकात. एकदा कुर्ल्यापर्यंत उभी होते, कोणी मान वर केली नाही. बाळंतपणानंतर गपचूप परत सेकंड.

आता गर्दी तेव्हाची राहिली नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर भरलेल्या लोकलमधून माणसं पडली, त्यानंतर तर लेक घरी येईपर्यंत माझा एक डोळा घड्याळावर असणार हे नक्की. म्हणून विचारते, जास्तीचे पैसे वसूल होतात का? लोकलचंच असं नाही, लांबच्या गाड्यांचंही लिहा. काढला असेल तर का, सोडला असेल तर का.

आसनगावकर
काढू दे की! पोरगी कमावतेय, तिच्या पैशाने जातेय, तुम्ही "बघू" कशाला म्हणता :)

हिशेब मात्र तिला कळू द्या. फर्स्टचा महिन्याचा पास सेकंडच्या तिप्पट-चौपट पडतो. तिमाही काढला तर महिन्याच्या २.७ पट, वार्षिक काढला तर १०.८ पट. म्हणजे वर्षाला सव्वा महिना सुटतो. पण नवी नोकरी आहे, आधी महिन्याचाच काढा. मध्येच घरून काम निघालं की तिमाही पास पाकिटात बसून राहतो, त्याला कोणी परतावा देत नाही.

पैसे जातात कशाचे? लोकांना वाटतं गादीचे. गादीचे नाही हो, चौथ्या सीटचे. सेकंडात तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, एक मांडी हवेत, एक पाय वाटेत, वर "थोडा अंदर लो" ऐकायचं, आणि तरी तो दादरपर्यंत स्वतःला नशीबवान समजतो. फर्स्टात चौथी सीट हा प्रकारच नाही. बसलात तर पूर्ण बसलात, नाहीतर सरळ उभे. आमच्या स्टेशनातून सकाळी बसायला मिळतं म्हणून मला परवडतो. डोंबिवलीला आठच्या सुमाराच्या फास्टला फर्स्टातही दांडीच हाताला लागते. आमच्या ग्रुपात म्हणतात, लटकायचंच आहे तर सेकंडात लटका, स्वस्त पडतं.

पियू०७
एक मांडी हवेत, हाहाहा. ती मांडी माझी.

तिरपा पट्टा
लेडीज फर्स्ट म्हणजे डबा नाही, खोली आहे खोली. गर्दीच्या वेळी दारातल्या बायकांचं मुख्य काम म्हणजे चढणाऱ्या प्रत्येकीवर ओरडणं, "फर्स्ट क्लास है, फर्स्ट क्लास है!" नवीन पास काढलेल्या मुली हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिकतात, आणि त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा असतो.

एकदा एका बाईंनी मलाच ऐकवलं. साधी सुती साडी, हातात दादरच्या भाजीची पिशवी, कोथिंबीर वर आलेली. मी पास काढून त्यांच्या चष्म्यापुढे धरला. "सॉरी हं, वाटलं नाही." काय वाटलं नाही ते मी विचारलं नाही. पिशवी मात्र त्यांच्या पायांशीच टेकवली, ती थेट मुलुंडपर्यंत.

पण खिडकीवाली, सेकंडातल्या प्रेमळ आणि फर्स्टातल्या माणूसघाण्या असं काही नसतं बरं. माझ्या नवव्या महिन्यापर्यंत रोज जागा धरून ठेवणारी बाई फर्स्टातलीच. अजून संक्रांतीला वाण घेऊन घरी येते. तुम्ही तीनच महिने होतात, तेवढ्यात ओळख कुठली व्हायला.

मटारसोली
महत्त्वाचं राहिलं. फर्स्टात मटार सोलता येतात का?

तिरपा पट्टा
येतात. बघतात सगळ्या, पण येतात. मेथी नको, मातीवरून बोलतात.

मटारसोली
मग आपलं सेकंडच बरं. आमच्या डब्यात कल्याण ते घाटकोपर दोन किलो शेंगा होतात, चार जणी मिळून. दसऱ्याला डब्याला हार-फुलं, पेढे, सगळं. फर्स्टवाल्या हार घालतात का हो?

मुलुंडचा मनू
खिडकीवाली, एसी लोकलचा विचार केलात का? २०२२ च्या मे महिन्यात एसी आणि फर्स्ट, दोन्हींची एकेरी तिकिटं जवळपास निम्म्यावर आली. फर्स्टचं किमान तिकीट ५० चं २५ झालं. पासांना मात्र कोणी हात लावला नाही. म्हणजे महिन्यातून कधीतरी जाणाऱ्याची चंगळ झाली, रोज मरणाऱ्याला काही नाही.

एसीचा पास फर्स्टपेक्षा महाग, पण तो साध्या लोकलच्या फर्स्टातही चालतो. उलटं चालत नाही. तिच्या वेळेला डोंबिवलीतून एसी गाडी आहे का ते आधी बघा. एक चुकली की पुढची कधी, हा खरा प्रश्न. फायदा म्हणाल तर दार बंद होतं. बाकी काही नाही, दार बंद होतं. तुमच्या घड्याळाचं त्यानेच भागेल.

नाना_ठाणे
मी तेव्हा मालाडला राहायचो, चर्चगेटपर्यंत फर्स्टचा पास. ११ जुलै २००६ चे सातही स्फोट फर्स्टच्याच डब्यांत झाले हे आता नव्या पोरांना ठाऊकही नसतं. त्या दिवशी मी ऑफिसात अडकलो होतो म्हणून आज हे टाइप करतोय. घरी पोचलो तर हिने काही न बोलता पास मागून घेतला आणि कात्रीने कापला. मुदत बरीच बाकी होती. मी म्हटलं, अगं पैसे... तिने असं काही बघितलं की पुढचं वाक्य अजून बोललेलो नाही.

मग निवृत्तीपर्यंत सेकंड. भजनी डब्यात जागा मिळाली आणि टाळ धरायला शिकलो. तेवढाच नोकरीतला परमार्थ.

आणि सेकंड सेकंड काय म्हणता, आमच्या लहानपणी तो थर्ड होता. १९७४ साली थर्ड क्लास बंद झाला म्हणजे पाटी बदलली. बाक तेच.

आसनगावकर
नाना __/\__

रेल्वेची लेक
मी लांबच्या गाडीचं लिहिते. वडील रेल्वेत, त्यामुळे आमच्याकडे फर्स्ट क्लासचा पास फुकट आणि स्टेशनवरचं आईस्क्रीम मात्र "घरी गेल्यावर बघू".

तेव्हाचा बिनएसीचा फर्स्ट. केबिनींना ए, बी, सी अशी अक्षरं, सरकतं जड दार, आतून कडी. चौघांची ती केबिन, दोघांची ती कुपे. खिडक्या उघड्या, सकाळी नाकात रुमाल घातला तर काळा निघायचा. भाऊ आणि मी वरच्या बर्थवर भांडायचो. कुपे मिळाली की आई घरची चादर अंथरायची, कडी लावायची आणि केसांतल्या सगळ्या पिना काढून खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर ओळीने ठेवायची. मग पाय लांब करून आडवी. घरी दिवसाढवळ्या तिला असं पडलेलं मी कधी पाहिलं नाही. एकत्र कुटुंब, बारा माणसांचा स्वयंपाक. कोणी दार वाजवणार नाही अशी तिची तेवढीच एक खोली होती, आणि ती चालती होती.

लग्नानंतर स्वतःच्या पैशाने फर्स्ट एसी काढला तेव्हा नवरा आकडा बघून म्हणाला, एवढ्यात विमान येतं. येतं की. मी तरी दर दोन-तीन वर्षांनी एकदा काढते. वसूल होतो का विचारू नका, तो खर्च मी हिशेबाच्या वहीत लिहीतच नाही.

पियू०७
ताई, त्या पिना... आईला फोन लावला आत्ता.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे विदर्भ एक्सप्रेस. सहा फूट दोन इंच उंची आहे माझी, सेकंड एसीत साइडची बर्थ आली की पाय पॅसेजमध्ये, रात्रभर येणारा-जाणारा धडकते. फर्स्ट एसीत साइड बर्थच नाही. एवढ्या एका कारणासाठी पैसे देतो बाप्पा. ७० किलो सामान फुकट नेता येते (सेकंड एसीत ५०), म्हणून संत्र्याच्या पेट्यासुद्धा सोबत.

पण भ्रम ठेवू नका. तिकिटावर बर्थ नंबर येत नाही, चार्ट लागला की समजते. जोडप्याने काढलं म्हणून कुपे मिळेलच असं नाही. आम्ही दोघं गेलो तर केबिनमध्ये एक साहेब, रात्री एकपर्यंत फोनवर जमिनीचा व्यवहार. सातबारा आम्हाले पाठ झाला. अन् एका गाडीत (नाव घेत नाही) उंदराने शेगावच्या कचोरीची पिशवी नेली. उंदराले तिकीट लागत नाही, त्याचा सगळीकडे फर्स्ट क्लास.

सोनपापडी
कचोरी!! बरं, फर्स्ट एसीत कुत्रा नेता येतो ना? आमचा लॅब आहे, नागपूरला बदली होतेय.

वऱ्हाडी ठेचा
येते. पण अख्खी कुपे नाहीतर केबिन तुमचीच पाहिजे. तिकीट काढून वर अर्ज द्यावा लागते, अन् चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला. पार्सल ऑफिसात कुत्र्याची पावती वेगळी फाडावी लागते, लसीची कागदं जवळ ठेवा. नाही जमलं तर ब्रेकव्हॅन (गार्डच्या डब्यातली पेटी), ते मात्र करू नका.

औंधातून
मुंबई-पुण्याबद्दल कोणीच बोललं नाही हे बघून बोलतो. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे, तिला २०२१ मध्ये व्हिस्टाडोम डबा लागला. काचेचं छत, फिरणाऱ्या खुर्च्या. भाडं साध्या चेअर कारच्या बरंच वर. लोक विचारतात काढावा का. मी उलट विचारतो, कोणत्या दिशेने आणि कोणत्या महिन्यात?

संध्याकाळी मुंबईहून सुटणारी क्वीन डिसेंबरात कर्जतला पोचेपर्यंत अंधार पडतो. मग तुम्ही जास्तीचे पैसे देऊन काचेत स्वतःचा चेहरा बघत बसता. आमच्या शेजाऱ्यांनी हे केलं आणि वर गाडीला नावं ठेवली. जुलै-ऑगस्ट, सकाळी पुण्याहून, लोणावळा सोडल्यावर घाट उतरताना, तेव्हा पैसे वसूल. नाहीतर डेक्कन एक्सप्रेसचा व्हिस्टाडोम घ्या, ती दोन्ही बाजूंनी दिवसाउजेडी घाटात असते. उरलेल्या दिवसांत साधी चेअर कार पुरते. कटलेट दोन्हीकडे सारखंच लागतं.

फ्रांकफुर्टची सून
नेहमी रोमात (नुसती वाचत) असते, आज लिहिते. इथे महिन्याचं डॉइचलांड-टिकेट (देशभरच्या लोकल गाड्यांचा पास) सेकंडलाच चालतं, त्यामुळे आम्ही कायम सेकंड आणि त्यात काही वाटतही नाही, सेकंडच चकाचक. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्युनिकला जायचं होतं. खूप आधी बघितलं तर आयसीईचं (इथल्या वेगवान गाडीचं) फर्स्टचं तिकीट सेकंडपेक्षा थोड्याच युरोंनी जास्त. काढलं. रांगेत तीनच खुर्च्या, ऐसपैस. कॉफी जागेवर आणून देतात, पैसे अर्थात घेतात.

सासूबाई बसल्या, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "इतकी शांतता? कोणी गेलंय का?"

येताना आम्ही सेकंडने आलो. समोर दोन लहान पोरं आणि त्यांची आजी. आजीला मराठी येत नाही, सासूबाईंना जर्मन येत नाही, दीड तास गप्पा आणि शेवटी डबा उघडून दशम्या.

खिडकीवाली
किती छान लिहिताय सगळे. लेकीला धागा पाठवला. तिने मनू आणि आसनगावकर एवढेच वाचले, बाकी "आई, तुम्ही लोक कुठून कुठे जाता" म्हणे. सध्या ठरलंय असं की महिन्याचा फर्स्ट काढायचा, संध्याकाळच्या एसी गाड्या बघून ठेवायच्या. निम्मे पैसे मी देते म्हटलं तर नको म्हणाली. ते ऐकून मला बरं वाटलं की वाईट ते अजून ठरत नाहीये.

पट्टा, डोंबिवलीला लेडीज फर्स्ट नेमका कुठे येतो हो? फलाटावरचे पट्टे आता दिसतच नाहीत मला.

तिरपा पट्टा
गाडीवर बदलतं, बारा डब्यांची की पंधरा. एकदा तिला घेऊन मी फलाटावर दाखवते, विपु करा (विचारपुशीत निरोप टाका). आणि मटारसोली, हो, आम्हीही हार घालतो. झेंडूचाच.

सोनपापडी
ठेचा, अजून एक. आमच्या कुत्र्याचं वजन ३२ किलो आहे. ते त्या ७० मध्ये धरतात का? आणि वरची बर्थ मिळाली तर?

वऱ्हाडी ठेचा
पावती वेगळी म्हटलं ना. वरच्या बर्थचं टीसीले विचारा, मले कायले विचारता :)