‘भरती’ म्हणावं की ‘भर’? मासळीच्या पिल्लांचे शब्द (टोपणनावांनी झालेली चर्चा)

खाडीकाठ:
मच्छीमार सोसायट्यांसाठीच्या पुस्तिकेत एक वाक्य अडलंय: ‘समुद्राचे तापमान वाढल्याने तारलीच्या भरतीवर परिणाम होतो.’ इथली भरती म्हणजे रिक्रूटमेंट, नवी मासळी मोठी होऊन साठ्यात येणं. हर्णैला किंवा देवगडला हे वाचणारा माणूस भरती-ओहोटीतली भरतीच समजणार. दुसरा शब्द आहे का? आणि लार्व्हा, फ्राय, ज्युवेनाइल या माशाच्या वाढीच्या सगळ्या टप्प्यांना ‘पिल्लं’ म्हटलं तर चालेल?

गाभोळी:
दुसऱ्या प्रश्नाचं आधी. सरसकट ‘पिल्लं’ नको. प्रत्येक टप्प्यावर माशाला समुद्राकडून वेगळा धोका असतो, आणि शब्द एक केला की तो फरकच वाक्यातून जातो.

पोटात असते ती गाभोळी. पाण्यात सोडली की अंडी. बांगडा-तारलीची अंडी तरंगती असतात, साधारण एका दिवसात फुटतात. त्यातून निघतो तो मासा वाटतही नाही: तोंड उघडलेलं नाही, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी. हा डिंभ, म्हणजे लार्व्हा. विश्वकोशी शब्द आहे, पण दुसरा नेमका शब्द नाही. ‘अळी’ म्हटलं की वांगं डोळ्यासमोर येतं. शास्त्रीय पुस्तकांत बलकाला पीतक म्हणतात. तो दोन-तीन दिवसांत संपतो, तोवर तोंड उघडतं आणि डिंभाला बाहेरचं खाणं, म्हणजे बारीक प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), मिळावं लागतं. पुढे पर पूर्ण फुटले, खवले आले, आईबापासारखा आकार दिसला की मग ‘पिल्लू’ म्हणा.

मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द मात्र इथे आणू नका. ते तळ्यातल्या रोहू-कटल्याच्या बीजविक्रीचे आहेत. बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं, तळ्यात सोडायला तयार बीज. तारलीचं बीज दर्यात कुणी सोडत नाही.

चुकामूक:
वरच्या दोन-तीन दिवसांतच पुस्तिकेतल्या वाक्याचा जीव आहे. पाणी गरम असेल तर डिंभाची वाढ वेगाने होते, पण पीतकही लवकर संपतो. खाणं शोधायला हातात वेळ कमी उरतो. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी 1914 मध्ये हेच मांडलं: एखाद्या साली मासळी किती येणार, हे अंडी किती पडली यापेक्षा पहिल्या खाण्याच्या वेळी किती डिंभ तगले यावर ठरतं. त्याला ‘क्रिटिकल पीरियड’ म्हणतात. मराठीत ‘निर्णायक काळ’ लिहा. ‘गंभीर काळ’ लिहिलेलं दिसतं, ते चूक.

पुढे मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंग यांनी प्लवकाचा बहर आणि डिंभांचा जन्म यांची वेळ जुळते की हुकते, यावर भर दिला. इंग्रजीत मॅच-मिसमॅच. ‘जुळणी-विजुळणी’ असलं काही करू नये, आपल्याकडे ‘चुकामूक’ तयार आहे.

आपल्या किनाऱ्यासाठी याचा अर्थ असा. नैर्ऋत्य मोसमात तळचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, त्यावर प्लवक माजतं. केरळकडे हे जोरात, उत्तरेला येता येता मंद. तारली अंडी घालते तीही पावसाळ्यातच. वर येणारं पाणी उशिरा आलं किंवा कमी आलं की डिंभ आहेत आणि ताट रिकामं. केरळात तारलीची पकड 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन होती, 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. दोष एकट्या समुद्राचा नाही, आधीची बेसुमार पकडही त्यात आहे. पण आई-मासळी कमी झाली की एक चुकामूक झालेलं सालसुद्धा महाग पडतं.

सुकटबाजार:
बारीक दिसतं ते पिल्लूच, असा समज पुस्तिकेतून जाऊ देऊ नका. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं नव्हेत. ती वेगळी जात, पूर्ण वाढूनही बोटाच्या दोन पेरांएवढी. मांदेलीही वयात आलेलीच असते. उलट बाजारात वीतभर दिसणारी सुरमई कोवळी असू शकते. लहान आणि कोवळं हे दोन वेगळे शब्द आहेत.

आसमाप:
कायद्याच्या बाजूने याला जोड. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180. पापलेट त्याच वर्षी राज्यमासाही झाला. कायदा ‘पिल्लू’ पाहत नाही, मिलिमीटर पाहतो. म्हणून पुस्तिकेत ‘कोवळी मासळी’ बरोबर ‘किमान आकाराखालची मासळी’ असाही शब्दप्रयोग हवा.

मोजायचं कसं तेही लिहा, निम्मे वाद तिथेच होतात. मासा कुशीवर आडवा, तोंड मिटलेलं, नाक फळीच्या टोकाला टेकलेलं. एकूण लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या खाचेपर्यंत नव्हे. पापलेटची शेपटी खोल दुभंगलेली, म्हणून दोन मापांत बराच फरक पडतो. शेपूट मोडलेला मासा मोजणीत धरू नका.

जाळ्याच्या भोकाला ‘छिद्र’ लिहू नका, ‘आस’ लिहा. आणि ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, शेपटीला चौकोनी आस का, हे एका ओळीत सांगा: तिरका आस ओढ लागली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो आणि कोवळी मासळी निसटते.

प्राणवायू:
तापमानावरच थांबू नका. या किनाऱ्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचं पाणी प्राणवायूविना पडतं. तळचं वर आलेलं पाणी आधीच प्राणवायूत गरीब, त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं पसरतं, हवा खाली पोचत नाही. खाली कुजणारं प्लवक उरलासुरला प्राणवायू खातं. मोठी मासळी अशा पाण्यातून सरकते, डिंभाला तेवढं पोहता येत नाही.

याला ‘मृत पाणी’ म्हणू नका, ‘अल्पप्राणवायू पाणी’ म्हणा. आकडा देताना एकक तपासा. 28 अंशांच्या खाऱ्या पाण्यात हवेशी समतोल असताना लिटरमागे सुमारे 6 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. 2 च्या खाली गेला की अल्प. समुद्रशास्त्राचे जुने तक्ते मिलिलिटरमध्ये आहेत, आणि 1 मिलिलिटर म्हणजे सुमारे 1.43 मिलिग्रॅम. हे न बघता उतरवलं तर मिलिलिटरमधला 1.4 हा धोक्याच्या उंबरठ्यावरचा आकडा त्याहून बराच वाईट दिसतो.

आणखी एक. हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकतात, त्याला ‘पाणी पेटलं’ म्हणतात. तो नॉक्टिल्युका, चमकणारा एकपेशीय प्लवक. पुस्तिकेत हा शब्दप्रयोग जरूर घ्या, पण चमक दिसली म्हणजे मासळी मेली, असं लिहू नका.

गाभोळी:
पिल्लांचे नमुने ठेवण्याबद्दल काही असेल तर एक दुरुस्ती. वय मोजायचं असेल तर कानातला खडा, म्हणजे कर्णाश्म, लागतो. त्यावर दिवसागणिक एक वलय चढतं. फॉर्मॅलीन आम्लधर्मी होतं आणि हा खडा विरघळवतं, म्हणून असे नमुने 95 टक्के अल्कोहोलमध्ये. ‘वर्षवलय’ हा शब्द मोठ्या माशासाठी, पिल्लासाठी ‘दिनवलय’.

खाडीकाठ:
छान. पण ‘भरती’चं राहिलंच.

चुकामूक:
रिक्रूटमेंट म्हणजे नवी पिढी जाळ्यात सापडण्याइतकी होऊन साठ्यात येणं. जाळ्याचा आस बदलला की ती कधी मोजायची तेही बदलतं. ‘पुनर्भरण’ विहिरीचं वाटतं. ‘नवी भर’ म्हणा: ‘यंदा बांगड्याची नवी भर कमी पडली.’

सुकटबाजार:
‘भर’ला माझं मत. ‘मत्स्यदुष्काळ’ मात्र टाळा. वर्तमानपत्रात नवी भर न पडणं, मासळी दुसरीकडे सरकणं आणि वादळामुळे होड्या न सुटणं, तिन्हींना तोच शब्द वापरतात.

आसमाप:
पण तक्त्यात ‘भर’ एकटा उघडा पडतो. मथळ्याला ‘नव्या पिढीची भर’ करा.

खाडीकाठ:
मग वाक्य असं: ‘पाणी तापले आणि प्लवकाचा बहर हुकला, की तारलीचे डिंभ उपाशी मरतात आणि पुढच्या हंगामात नव्या पिढीची भर कमी पडते.’

सुकटबाजार:
मालवणसाठी छापताना कंसात ‘पेडवे’ टाकायचं असेल तर आधी तिथल्या लिलावात विचारून घ्या. काही बंदरांवर पेडवा म्हणजे तारली नव्हे, तिची दुसरी चुलत जात.