ऑफिसचा प्रिंटर अडकलाय, उद्या नोटीस वाटायची आहे

*सेक्रेटरी (ए-२०३), सायं. ६:४२*
नमस्कार मंडळी. दुपारपासून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून एकही प्रिंट निघत नाहीये. वार्षिक सभा रविवारी २८ सप्टेंबरला आहे. मधले पूर्ण १४ दिवस सोडायचे तर नोटीस उद्या १३ तारखेलाच वाटली पाहिजे. ८४ फ्लॅट आहेत. कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज बघा.

*खजिनदार (सी-५०१), ६:४५*
दुरुस्तीवाला येऊन गेला. फॉरमॅट मारावं लागेल म्हणाला. मला वाटतं नवा प्रिंटरच घेऊन टाकू.

*बी-३०४, ६:४६*
काका, फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका! मेंटेनन्सचे सगळे जुने हिशेब त्याच मशीनवर आहेत. स्क्रीनवर नक्की काय येतंय? फोटो टाका.

*ऑफिस मॅनेजर, ६:५१*
📷
ताई, “लोकल प्रिंट स्पूलर सर्व्हिस इज नॉट रनिंग” असं येतंय. सकाळी ऑडिट रिपोर्ट प्रिंटला दिला होता, स्कॅन केलेली ३८ पानं. निघेना म्हणून परत परत दिला. डिलीट केलं तर नुसतं “डिलीटिंग” लिहून राहत होतं. मशीन तीनदा बंद-चालू केलं, तरी तेच.

*बी-३०४, ७:०२*
कळलं. दादा, तुमचं काही चुकलेलं नाही आणि प्रिंटरही बिघडलेला नाही.

स्पूलर म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम. गिरणीत दळणाचे डबे ओळीने ठेवतात ना, तसं प्रत्येक प्रिंटचं काम तो आधी एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि तिथून एकेक प्रिंटरला देतो. पहिलाच डबा अडकला की मागचे सगळे खोळंबतात. आणि हे डबे हार्ड डिस्कवर असतात, त्यामुळे मशीन बंद करून चालू केलं तरी जागचे हलत नाहीत. स्पूलर उठतो, पुन्हा त्याच खराब फाइलला हात घालतो आणि पुन्हा कोसळतो. ती फाइल हातानेच काढायला हवी.

असं करा, घाई नको:

आधी प्रिंटरचं बटण बंद करा. स्टार्टच्या सर्चमध्ये सर्व्हिसेस टाइप करा, उघडेल त्या लांबलचक यादीत ‘प्रिंट स्पूलर’ शोधा, राइट क्लिक, स्टॉप. स्टॉप फिकट दिसत असेल तर तो आधीच बंद आहे, पुढे चला. ती खिडकी उघडीच ठेवा.

आता सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम ३२, स्पूल आणि त्यातलं ‘प्रिंटर्स’ फोल्डर. परवानगी विचारेल, कंटिन्यू म्हणा. आतल्या *फाइल्स* तेवढ्या डिलीट करा. ‘प्रिंटर्स’ फोल्डर उडवायचं नाही आणि शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला तर हातही लावायचा नाही, तिथे प्रिंटरचं सॉफ्टवेअर असतं. मग परत सर्व्हिसेसमध्ये येऊन स्टार्ट करा, प्रिंटर चालू करा.

डिलीट करायच्या आधी फोल्डरचा फोटो मला पाठवा.

*ए-१०२, ७:०९*
मला मध्ये एक फॉरवर्ड आला होता की स्पूलरमुळे हॅकिंग होतं, तो कायमचा बंद ठेवा. मग चालू करणं बरोबर आहे का?

*बी-३०४, ७:१३*
काकू, ती गोष्ट खरी आहे. २०२१ मध्ये स्पूलरमधला मोठा दोष उघडकीस आला होता, ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजला. मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये त्याची दुरुस्ती दिली, विंडोज ७ लासुद्धा, जरी त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला होता. पण स्पूलर बंद ठेवण्याचा सल्ला ज्या मशीनवरून प्रिंट काढायचीच नसते तिच्यासाठी. आपल्याला प्रिंट हवी तर तो चालू लागतोच.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ऑफिसचं मशीन अजून विंडोज ७ वर आहे. खजिनदार काका, त्याच्यावरून सोसायटीचं नेट बँकिंग कृपया करू नका. हिशेब आणि प्रिंटपुरतंच वापरू.

*खजिनदार (सी-५०१), ७:१५*
बरं झालं सांगितलंस. उद्यापासून माझ्या लॅपटॉपवरून करतो.

*ऑफिस मॅनेजर, ७:२१*
📷
ताई, २२ फाइल्स आहेत.

*बी-३०४, ७:२४*
म्हणजे ११ वेळा प्रिंट दिली गेली. प्रत्येक कामाच्या दोन फाइल्स होतात, एकीत मजकूर आणि दुसरीत कुणी दिलं, किती प्रती वगैरे माहिती. आणि आकार बघा, मजकुराची एकेक फाइल ६०० एमबीच्या वर! स्कॅन केलेली पानं रांगेत लावताना अशीच फुगतात. सी ड्राइव्हवर किती जागा उरलीये?

*ऑफिस मॅनेजर, ७:२६*
लाल पट्टी दिसतेय. १८० एमबी.

*बी-३०४, ७:२७*
मग तेच कारण. जागा संपली, शेवटची फाइल अर्धीच लिहिली गेली आणि स्पूलर तिथे बसला. सगळ्या २२ उडवा. शिफ्ट दाबून डिलीट करा, नाहीतर रिसायकल बिनमध्ये जाऊन जागा तशीच अडलेली राहील.

*ऑफिस मॅनेजर, ७:३८*
स्टार्ट झालं ताई! नोटीसची एक प्रत काढून बघितली. निघाली 🙏

*सेक्रेटरी (ए-२०३), ७:३९*
देव पावला. आता ८४ प्रती एकदम देऊ का?

*बी-३०४, ७:४१*
वीस-वीसच्या गठ्ठ्यांनी द्या. आणि ऑडिट रिपोर्ट आज नकोच. उद्या काढाल तेव्हा पानं १ ते १० टाकून काढा, ती हातात आली की पुढची दहा. मध्ये अडकलं तर पुन्हा प्रिंट दाबायची नाही, आधी रांग उघडून बघायची. सकाळी मी दहा वाजता खाली येते, दादा आणि मी मिळून सी ड्राइव्हवरचे जुने स्कॅन पेन ड्राइव्हवर हलवू. हिशेबाचीही एक प्रत त्यातच घेऊ.

*डी-४०२, ७:५०*
माझ्याकडे ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह रिकामा पडलाय, वॉचमनकडे ठेवतो.

*ऑफिस मॅनेजर, ८:३४*
८४ झाल्या. ए आणि बी विंगची पाकिटं भरतोय. सह्यांचं रजिस्टर सकाळी नऊपासून गेटवर ठेवतो, घेताना सगळ्यांनी सही करा.