"विल्मानं खूप प्रयत्न केले म्हणून तिचा कॅलिपर निघाला. मग मी कमी करते का?"

चौथीतलीची_आई
माझी मुलगी नऊ वर्षांची. जन्मापासून सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही) आहे, उजवी टाच टेकत नाही म्हणून दिवसभर एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार) घालते. घरात आम्ही त्याला 'बूट'च म्हणतो. शाळेत 'मला आवडलेली स्त्री' या विषयावर तीन मिनिटं बोलायचंय. बाईंनी अगदी मायेनं विल्मा रुडॉल्फ सुचवली.

रात्री मी तिला वाचून दाखवलं. अमेरिकेत टेनेसी राज्यातलं क्लार्क्सव्हिल गाव, १९४० चा जन्म, गरीब कृष्णवर्णीय घर, बावीस भावंडांतली विसावी. लहानपणी पोलिओ, चालायला आधार म्हणून पायाला कॅलिपर. आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं: १०० मीटर, २०० मीटर आणि रिले.

पोरगी शांतपणे ऐकत होती. मग बुटाचा वेल्क्रो सोडता सोडता म्हणाली, "तिनं खूप प्रयत्न केले म्हणून तिचा निघाला ना? मग मी कमी करते का?"

डॉक्टर म्हणालेत की वाढ पुरी होईपर्यंत तरी बूट राहणारच. मला काही बोलताच आलं नाही. विषय बदलू का? की हीच गोष्ट वेगळी सांगता येईल?

सदाशिव_पेठेतला_बाबा
मी तरी बदलेन. अरुणिमा सिन्हा घ्या. कृत्रिम पाय लावून २०१३ मध्ये एव्हरेस्टवर गेली. तिथं पाय काढून टाकायचा प्रश्नच येत नाही.

फिजिओ_नगर
ताई, आधी मुलीच्या मनातलं ते 'कमी करते का' काढा. दोन्ही आजार वेगळे आहेत. पोलिओत मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मरतात. ज्या वाचतात त्यांना नवे फाटे फुटतात आणि मेलेल्या पेशींचं काम त्या उचलतात. किती पेशी वाचल्या हे कुणाच्याच हातात नसतं. विल्माच्या बऱ्याच वाचल्या असणार.

सीपीचं मूळ मेंदूत. पोटरी ताठ राहते, हाड वाढतं, स्नायू तेवढा लांबत नाही आणि टाच वर उचलली जाते. बूट घोट्याला काटकोनात धरतो, म्हणजे टाच टेकते. तिला सांगा, बूट ही शिक्षा नाही, चष्म्यासारखं आहे. चष्मा लागला म्हणून कुणी डोळ्यांना आळशी म्हणत नाही.

कडी_खटका
सहसा मी नुसती वाचते, पण मुलीचं वाक्य वाचून राहवलं नाही.

माझं वय ५९. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, बार्शीकडच्या एका खेड्यात. मांडीपर्यंत कॅलिपर: दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे. बसायचं तर गुडघ्याजवळच्या दोन्ही कड्या वर ओढायच्या, तेव्हा पाय दुमडतो. प्रार्थनेनंतर सगळा वर्ग खाली बसला की मागून माझ्या कड्यांचा खटका वाजायचा. पावसाळ्यात चामडं वाळायचंच नाही. एक पाऊल लहान, एक मोठं, म्हणून आई दोन मापांचे दोन जोड घ्यायची. उरलेले दोन बूट पत्र्याच्या पेटीत जायचे. कोरे करकरीत बूट टाकवायचे नाहीत तिला.

सातवीत असताना शाळेत एक पाहुणे आले. मला स्टेजवर उभं करून म्हणाले, "हिनं मनात आणलं तर हीसुद्धा पळेल." टाळ्या पडल्या. मी घरी आले, कॅलिपर सोडला आणि अंगणात पळायला गेले. हनुवटीवरची खूण अजून आहे. पडल्याचं दुःख दोन दिवसांत गेलं. आपण मनातच आणत नाही, हे मात्र पुढे कितीतरी वर्षं बोचत राहिलं.

म्हणून सांगते, विल्मा बदलू नका. फक्त कॅलिपर निघाला की गोष्ट संपवू नका.

गावचं इस्पितळ काळ्यांना घेत नव्हतं. विल्माची आई लोकांच्या घरी कामं करायची. तरी ती पोरीला घेऊन दर आठवड्याला बसनं नॅशव्हिलला जायची, सुमारे ८० किलोमीटर. बसमध्येही काळ्यांनी मागं बसायचं. तिथं मालिश शिकून तिनं ती मोठ्या भावंडांना शिकवली. दिवसातून चार वेळा कुणी ना कुणी तो पाय चोळायला बसायचं. मला तर ही गोष्ट पदकांपेक्षा मोठी वाटते. आमच्याकडे पाय चोळायला एकटी आजी होती, ती गेली आणि ते थांबलं.

बाराव्या वर्षापर्यंत विल्माचा कॅलिपर सुटला. लगेच सोन्याचे दिवस आले का? नाही. शाळेच्या बास्केटबॉल संघात ती बाकावरच बसून असायची. सतत भुणभुण करते म्हणून प्रशिक्षक तिला 'मच्छर' म्हणायचे. अलाबामा राज्यातल्या टस्कीगीच्या मोठ्या धावण्याच्या स्पर्धेत गेली आणि एकूण एक शर्यत हरली. १९५६ ला मेलबर्नमध्ये रिलेचं कांस्य मिळालं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. १९५८ मध्ये, लग्नाआधी, मुलगी झाली. तरी प्रशिक्षक एड टेंपल यांनी तिला विद्यापीठाच्या संघात घेतलं. हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगू नका, पण तुम्ही लक्षात ठेवा.

आणि रोमनंतरचं नक्की सांगा. गावानं मिरवणूक ठरवली. त्या काळी तिथं गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. विल्मानं स्पष्ट सांगितलं, सगळे एकत्र असतील तरच मी येईन. गावाला ऐकावं लागलं. क्लार्क्सव्हिलमध्ये गोरे-काळे एकत्र असलेला तो पहिला मोठा सोहळा. वीस वर्षांची पोर होती ती! आपली किंमत तिला कळली होती ती मला इथं दिसते, आणि त्याला पाय धड असावा लागत नाही.

चौथीतलीची_आई
ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. काल तिला चष्म्याचं सांगितलं, ते तिला एकदम पटलं, कारण दादाला चष्मा आहे. मग मालिशचा भाग सांगितला. तिनं विचारलं, "सगळी भावंडं करायची? भांडायची नाहीत?" मिरवणुकीचं मात्र तीन वेळा सांगायला लावलं.

आज संध्याकाळी पोटरीचं स्ट्रेचिंग मी केलं नाही, दादानं मागून घेतलं. भाषण शुक्रवारी आहे. पहिलं वाक्य तिनं स्वतः लिहिलंय: "विल्माला एकवीस भावंडं होती. मला एकच आहे, पण तो तीसपर्यंत मोजून माझा पाय धरतो."